पलंगाच्या जागी

फाटक उघडलं आणि दीक्षाला आधी दिसला तो पलंग. लग्नात आलेला, सागाचा, चौघांनी उचलावा असा जड. तो आतल्या खोलीतून काढून अंगणात भिंतीला टेकवून उभा केला होता. फळ्या वेगळ्या रचलेल्या, गादीची वळकटी, तिच्यावर प्लास्टिकचं पोतं. जानेवारीतली संध्याकाळ होती. त्या आठवड्यात अकोल्यात थंडी अशी उतरली होती की सकाळच्या पहिल्या गाडीआधी डेपोत लोक कचरा पेटवून भोवती उभे राहत. अकोला-दर्यापूर-अमरावती आणि परत, असा एसटीचा पूर्ण फेरा करून, तिकिटांचं मशीन जमा करून ती आली होती. तळपायांत अजून गाडीची थरथर होती. रिकामी चामडी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती पलंगाकडे बघत राहिली. त्याचा उघडा पडलेला खालचा भाग तिने एकोणीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. तिथे सुताराने पेन्सिलीने काही मापं लिहून ठेवली होती, आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं होतं. आपण घरात नसताना काहीतरी ठरलं, आपल्याला कोणी विचारलं नाही, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच, आपणही आठ दिवसांपूर्वी तेच केलं आहे हे आठवून ती उंबरठ्यावर जराशी अडखळली.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पिवळा उजेड येत होता, आणि एक आवाज. एक आवाज असं तरी कसं म्हणावं. बारीक बारीक शेकडो आवाजांचं एकच विणलेलं कापड असावं तसं काहीतरी. तिने दार ढकललं तेव्हा ऊन खाल्लेल्या बंद गाडीत चढावं तशी ऊब चेहऱ्यावर आली. तुसाचा वास, पिल्लांच्या पाण्यात कालवलेल्या गुळाचा वास, तापलेल्या धुळीचा वास. "दार लाव," प्रीतम म्हणाला. तो पाठमोरा, उकिडवा बसला होता, वळलासुद्धा नाही. "हवा येऊन राह्यली." पलंगाच्या जागी आता पुठ्ठ्याचं एक मोठं गोल कुंपण होतं, गुडघाभर उंच. छताच्या ज्या हुकाला पंखा असायचा तिथून सुतळीच्या दोरीने एक पालथं टोपलं लोंबत होतं, त्याच्या पोटात चार पिवळे बल्ब, आणि खाली वर्तमानपत्रावर पिवळी, करडी, मातकट अशी पिल्लंच पिल्लं. "हे काय हाय?" तिने विचारलं. "पिल्लं. कालची जन्मलेली." "थे दिसून राह्यलं मले. कोनाची?" "मैनामावशीच्या गटाची. दोनशे हायत. तीन-चार हप्ते ठेवाची, पिसं आली का नेतीन थ्या." "अन् आपून झोपाचं कुठी?" यावर तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, आनंदही नव्हता. हातातलं काम सोडून बोलावं लागल्याचा एक संथ त्रास होता. "समोरच्या खोलीत," तो म्हणाला, "खाली," आणि परत कुंपणाकडे वळला.

मैनामावशी म्हणजे प्रीतमची लांबची मावशी, दर्यापूरच्या पुढच्या एका खेड्यातली, बचत गटाची पुढारीण. गेल्या वर्षी तिच्या गटातल्या बायांनी अशीच एक दिवसाची पिल्लं आणून वाटून घेतली होती, आणि पहिल्या पंधरवड्यातच थंडीने बहुतेक मेली. उरली ती कोंबड्या झाली, अंडी देत होती. पण त्या पंधरवड्याची धास्ती बायांनी घेतली होती. तेव्हा कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत प्रीतम मावशीला म्हणाला होता, माझ्याकडे द्या, मी पिसं येईपर्यंत सांभाळतो. दीक्षा तिथेच बसली होती. तिने ते ऐकलं होतं आणि त्याच्या इतर बोलण्यासारखं सोडून दिलं होतं. साडेतीन वर्षं तो घरी होता. त्याआधी तो एका जिनिंगमध्ये कामाला होता. आलेल्या कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि कापूस किती ओला आहे ते सांगायचा. मग ओलावा मोजायचं यंत्र आलं, मग जिनिंगच बंद पडलं. त्यानंतर त्याने कोणाच्या गोदामावर काम करून पाहिलं, अळिंबी लावून पाहिली, वायरमनच्या हाताखाली गेला; प्रत्येक ठिकाणाहून तो परत आला, कारण तो हळू होता. भांडून नव्हे, कंटाळूनही नव्हे. कोणी म्हणायचं चला, तर प्रीतम अजून बघतच असायचा. डेपोत कोणी विचारलं, की मालक काय करतात, तर ती म्हणायची, घरीच असतात. आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून मशीनचा रोल बदलायला घ्यायची.

तिला हळू माणसं समजतच नसत. तिचे वडील पुंजाजी पोलिसात हेडकॉन्स्टेबल होते; त्यांची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली की घर सावध व्हायचं, चहाचं आधण चढायचं, पुस्तकं उघडली जायची. ते एका शब्दात निकाल लावायचे आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरायचा. दीक्षाचे हात त्यांच्यावर गेले होते. पन्नास उभ्या माणसांतून वाट काढत, कोण चढलं, कोण लपलं, कोणाचं कार्ड खोटं, हे ती न बघता ओळखायची. घरी आल्यावर तिला वाटायचं आपण चालत्या गाडीतून एकदम साचलेल्या पाण्यात उतरलो आहोत. आठ दिवसांपूर्वी तिने अमरावतीला बदली मागणारा अर्ज दिला होता. मुलगी वर्षाली तिथे होस्टेलवर राहून बारावी करत होती; तिच्याजवळ राहता यावं म्हणून, असं अर्जात लिहिलं होतं. ते खरं होतं. पण लिहिताना तिला स्वतःची एक खोली दिसली होती, दाराची कडी आतून लावलेली, आणि त्या खोलीत वर्षालीसुद्धा नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस ती त्या खोलीत गेली नाही. समोरच्या खोलीत सतरंजीवर आडवी पडून ती आवाज ऐकायची. भिंतीपलीकडून तो यायचा, कधी सैल, कधी घट्ट. प्रीतम मध्येच उठायचा, दार किलकिलं करायचा. दोरी सरकल्याची खसखस ऐकू यायची, आणि थोड्या वेळाने पलीकडचा आवाज बदललेला असायचा. पावसाळी दिवशी गाडीतली माणसं आधी कावकाव करतात, मग प्रत्येकाला टेकायला जागा मिळाली की एक गुणगुण उरते, तसा. तिच्या कानाला हे कळत होतं, कारण तिचं सगळं आयुष्य गर्दीच्या आवाजात गेलं होतं. सहाव्या दिवशी दुपारची सुटी होती. तिने दार उघडलं, झटकन लावून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "थरमामीटर नाई का?" तिने विचारलं. "हाय नं. थे काय लटकलं." पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर खरंच एक थर्मामीटर लोंबत होतं. "मंग तुमी त्याच्याकडं तं पाहूनच नाई राह्यले." प्रीतमने जरा विचार केला. तो नेहमीच विचार करायचा, साध्या प्रश्नालाही, आणि एरवी तेवढ्या वेळात ती खोलीतून निघून गेलेली असायची. आज गेली नाही. "पाह्यतो," तो म्हणाला, "पन थे एकाच जागचं सांगते. हे दोनशे जागचं सांगतात."

मग त्याने तिला दाखवलं. शिकवलं नाही; फक्त बोटाने दाखवत गेला आणि मध्ये मध्ये गप्प राहिला. सगळी बल्बाखाली एकावर एक चढून बसली, कर्कश ओरडायला लागली, की थंडी वाजते आहे. टोपलं खाली घ्यायचं. सगळी कुंपणाला जाऊन चिकटली, चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे, की उकडतं आहे, टोपलं वर. सगळी एकाच बाजूला गेली, की दुसऱ्या बाजूने कुठूनतरी वारा शिरतो आहे. ती फट शोधायची. त्याने खिडकीची एक भेग पाचव्या दिवशी अशी शोधली होती, त्याला स्वतःला हाताला तो वारा लागलाही नव्हता. कुंपण गोल अशासाठी, की कोपरा असला की घाबरून तिथे ढीग होतो आणि खालची चिरडतात. "अन् अशी असली," त्याने समोर हात केला, "तं काहीच करू नये." पिल्लं सगळ्या वर्तुळभर विखुरली होती. काही भरडा टिपत होती, काही पाणी पिऊन चोच आभाळाकडे करत होती, काही जिथे होती तिथेच पाय पसरून, मान टाकून झोपली होती, मेल्यासारखी; एकाच्या अंगावरून दुसरं चालत गेलं तरी ते जागं होत नव्हतं. टोपल्याच्या दोरीला त्याने दोन-दोन बोटांवर गाठी मारल्या होत्या. पहिल्या हप्त्यात पस्तीस डिग्री, मग दर हप्त्याला दोन-तीन कमी. म्हणजे रोज जवळपास अर्धी गाठ. "एकदम कमी केलं तं मरतात. कमी केलंच नाई तं पिसं उशिरा येतात," तो म्हणाला. दीक्षा त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवरचे केस पांढरे झाले होते, कधी झाले ते तिला माहीत नव्हतं. हे बल्बसुद्धा त्याने तीन दिवस अकोला पालथं घालून मिळवले होते. आता सगळीकडे एलईडी, आणि त्याला उजेड असतो, ऊब नसते. जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराने माळ्यावर चढून धुळकट खोकं काढून दिलं होतं. तीन दिवस बल्ब शोधणारा हा माणूस तिने त्या वेळी घरात पाहिला होता आणि उगाच भटकतो असं समजून सोडून दिला होता. याचं तिला काहीतरी वाटलं; काय वाटलं ते मात्र तिने तिथे धरून ठेवलं नाही.

पण त्यानंतर ती दमून आली तरी आधी त्या खोलीत डोकावू लागली. गाडीत दर्यापूरच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी काळं रान आणि हरभरा, वारा खिडकीतून शिरायला लागला की तिला एकदम वाटायचं, आता पिल्लं एका बाजूला गेली असतील. प्रवासी गाडीत कुठे बसतात, कुठे बसत नाहीत, इकडे तिचं लक्ष जायला लागलं. इंजिनाजवळच्या बाकावर म्हाताऱ्या; दाराजवळची जागा सकाळी रिकामी. हे ती चौदा वर्षं बघत होती आणि तिने कधी पाहिलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी आभाळ भरून आलं. दीक्षाची साप्ताहिक सुटी होती. सकाळपासून वारा सुटला होता, दहाच्या सुमारास अवकाळीचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले, आणि अकराला गल्लीच्या टोकाशी एक मोठा आवाज होऊन वीज गेली. खोलीतला पिवळा उजेड गेला तेव्हा आवाजही गेला. एक क्षण पूर्ण शांतता, आणि मग ती सगळी एकदम ओरडायला लागली. दीक्षा बाहेर धावली. कोपऱ्यावर माणसं जमली होती. डीपी जळाली, वायरमनला फोन लागला, संध्याकाळशिवाय काही होत नाही. ती भिजून परत आली तेव्हा प्रीतमने गॅसवर मोठं पातेलं चढवलं होतं आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या स्टीलच्या बाटल्या, बरण्या, दुधाची कॅन ओळीने मांडून ठेवली होती. "संध्याकाळपर्यंत नाई येत लाइट," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला. "तुहा जुना युनिफॉर्म हाय नं, फाटका? थो दे." खाकी कापड त्याने टराटरा फाडलं, कढत पाण्याच्या बाटल्या त्यात गुंडाळल्या, हाताला लावून पाहिल्या, एकीवर अजून एक वेढा घेतला, आणि कुंपणाच्या मधोमध त्या गोल मांडल्या. अर्ध्या कुंपणावर गोधडी टाकली, अर्धं उघडं ठेवलं. मग गोधडीखाली हात घालून, गाल पुठ्ठ्याला टेकवून, तो जमिनीवर बसला. आणि बसूनच राहिला.

शेजारच्या गंगूबाईने भिंतीवरून सगळं ऐकलं होतं. तिने शेगडी पेटवून, लालभडक निखारे करून दारात आणून दिली. "घे वो बाई, ठेव तिथी. आमी वासरू असंच वाचवलं होतं." दीक्षाने शेगडी पदराने धरून आत नेली. प्रीतमने मान उचलली. "बाहेर ने थे." "काहून?" "बंद खोलीत निखारा नाई चालत. धूर दिसत नाई त्याचा, पन पिल्लं मरतात. मानूसई मरते." "अन् अशी थंडीनं मेली म्हंजे?" "नाई मरत. पाणी बदलू नं." ती शेगडी घेऊन तशीच उभी होती, हात भाजत होते, आणि गोधडीखालचा कर्कशपणा तिच्या डोक्यात शिरत होता. तिला बाबा दिसले. बाबांनी एव्हाना चार माणसं बोलावली असती, कोणाचं जनरेटर उचलून आणलं असतं, सगळ्या गल्लीला कामाला लावलं असतं. आणि हा माणूस पुठ्ठ्याला गाल टेकवून बसला आहे. "अजी, उठा नं!" ती ओरडली. "काही तं करा! जलमभर असंच बसून राह्यले तुमी. मी जाऊन राह्यली इथून, समजलं का? अमरावतीले बदली मागतली मी. तीन हप्ते झाले अर्ज देऊन." बोलून झाल्यावर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. प्रीतमचा हात गोधडीखाली होता. तो त्याने काढला नाही. त्याचे डोळे तिच्यावर आले, बराच वेळ तिथे राहिले, आणि त्यात काहीतरी खाली गेलं, विहिरीत दगड जावा तसं. आवाज मात्र चढला नाही. "हळू बोल," तो म्हणाला. "दबकतात थे." मग, "जाशीन तं जा, दीक्षा. मी अडवीन नाई. पन अगोदर थे पाणी उकळलं का पाह्य."

ती शेगडी अंगणात ठेवून आली आणि तिने पाणी पाहिलं. उकळलं होतं. तिने बाटल्या भरल्या, त्याने जुन्या काढून दिल्या. तिने नव्या गुंडाळल्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हे असं. साडेबारा, एक, दीड. जेवण कोणाला आठवलं नाही. या दोन-तीन तासांत तो तिच्याशी बाटल्यांपलीकडे एक शब्द बोलला नाही, आणि तिच्या लक्षात आलं, की तो रागावून गप्प नाही. तो तिथे आहे, सगळा, त्या गोधडीखालच्या अंधारात. एक बोट हलवून ढीग सैल करतो, खालचं पिल्लू वर काढतो, कडेचं आत ढकलतो, परत थांबतो, ऐकतो. तिने दिलेला घाव कुठेतरी बाजूला ठेवून तो हे करत होता. आपल्याला हे जमलं नसतं, असं तिला स्वच्छ वाटलं. आपण घाव हातात घेऊन बसलो असतो. आणि कापसाच्या गंजीत हात खुपसून डोळे मिटून उभा असलेला प्रीतम तिला आठवला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती डबा द्यायला जिनिंगवर गेली होती. व्यापारी, हमाल, मालक, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत गप्प उभे होते, आणि तो घाई करत नव्हता. त्या दिवशी तिला ते किती आवडलं होतं. सगळ्यांना थांबायला लावणारा आपला माणूस.

"हात दे," तो मध्येच म्हणाला. त्याने गोधडीखालून एक पिल्लू काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "याचे पाय गालाले लाव. थंड हायत का सांग. माह्या हाताले आता समजून नाई राह्यलं, पाण्यानं भाजले." तिने हात मागे घेतला. "मले नाई धरता येत." "काहून?" आणि तिला सांगावं लागलं, कारण त्याने विचारून वाट पाहिली. ती सात वर्षांची असताना, दर्यापूरला, पोलीस लाइनीतल्या कोणाच्या कोंबडीचं एक पिल्लू तिला मिळालं होतं. हिवाळा होता. त्याला थंडी वाजू नये म्हणून ती त्याला मुठीत घेऊन झोपली, घट्ट, दोन्ही मुठींत. सकाळी ते चपटं झालं होतं. बाबा हसले होते, आणि दोन बोटांनी उचलून त्यांनी ते भिंतीपलीकडे टाकलं होतं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, की तिने खूप जपून धरलं होतं. प्रीतम हसला नाही. अरेरेही म्हणाला नाही. त्याने तिचा हात आपल्या ओल्या, लाल झालेल्या हाताने सरळ केला, बोटं उघडली. "मुठीत नाई ठेवा लागत," तो म्हणाला. "असं तळहातावर. थे बसते आपल्या मनानं." पिल्लू बसलं. त्याचं वजन नव्हतंच. होता तो एक ठोका, इतका जलद की तो एकसारखा कंपच वाटावा. तिने ते उचलून त्याचे पाय गालाला लावले. "थंड हायत," ती म्हणाली. "जराशे थंड." "मंग पाणी बदलू," तो म्हणाला.

पावणेपाचला वीज आली. चारही बल्ब एकदम लागले तेव्हा ती आनंदाने ओरडणार होती, पण प्रीतमने आधी गोधडी काढली, मग बाटल्या, आणि टोपलं दोन गाठी वर घेतलं, सगळं एकदम तापू नये म्हणून. मग दोघं भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. ढीग हळूहळू सुटला. एक पिल्लू पाण्याकडे गेलं, मग तीन, मग दहा. आणि अर्ध्या तासाने वर्तुळभर ती जिथे तिथे पाय पसरून पडली होती. तीन गेली होती. ती प्रीतमने कागदात गुंडाळून अंगणाच्या कडेला पुरली, आणि हात धुऊन येऊन म्हणाला, "भात टाकतं का? भूक लागली." त्या अर्जाबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दीक्षाने डेपोतल्या क्लार्कला अर्ज परत मागितला. तो म्हणाला, ताई, आता तं वर गेला, परत घ्यायचा तर दुसरा अर्ज द्यावा लागेल. तिने तिथेच उभ्या उभ्या, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तो लिहिला. रात्री जेवताना तिने ते प्रीतमला सांगितलं. तो घास चावत राहिला, नंतर म्हणाला, "वर्षालीले भेटाले जात जाऊ मंग. दोघंई." एवढंच. पण मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला तो उगाच, तहान नसताना, आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना पिसं आली. बल्ब आधी दिवसा बंद झाले, मग दोनच उरले, मग एक, मग तोही नाही. मैनामावशी सकाळी सात वाजता भोकं पाडलेली पुठ्ठ्याची चार खोकी घेऊन हजर झाली. मोठ्या आवाजाची, डोक्यावर पदर, पायात मुलाचे बूट घातलेली बाई. एकेक पिल्लू हातात घेऊन तिने छाती चाचपली, पंख उलगडून पाहिले, आणि म्हणाली, "बाप्पा! हे तं पैलवान होऊन राह्यले, प्रीतम." दीक्षाची त्या दिवशी साडेआठची गाडी होती, दर्यापूर-अमरावती. खोकी त्याच गाडीने न्यायची ठरली, आणि प्रीतम म्हणाला, मीही जातो, पिल्लांना नवी जागा आहे, एक दिवस पाहून येतो. तो तिच्या गाडीत चढला तेव्हा अंगात स्वेटर, दोन्ही हातांत खोकी. त्याने आधी सगळी गाडी पाहिली, मग मधल्या, दारापासून दूरच्या बाकावर जाऊन बसला. तिकिटं काढत ती त्याच्यापाशी आली आणि सवयीने म्हणाली, "कुठी?" "दर्यापूर," तो म्हणाला, "एक फुल. अन् मावशीचं हाफ. अन् लगेज." मशीनने कागद बाहेर काढला. तो त्याच्या हातात देताना तिला उगाच हसू आलं, आणि त्यालाही.

म्हैसांग सोडलं तसा वारा सुटला. प्रीतमने खोक्याला कान लावला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने त्या बाजूच्या खिडक्या ओढायला घेतल्या. "ताई, जीव गुदमरते," एक फेटेवाला म्हातारा म्हणाला. "पिल्लं हायत, बाबा," ती म्हणाली. "त्याईले हवा लागून राह्यली." "कोनाची?" "यायनं वाढवली," ती म्हणाली. तिने प्रीतमकडे हात केला. गाडीतल्या गाडीत मोठ्याने बोलायची तिची रीतच होती, पण हे वाक्य तिने त्याहून मोठ्याने म्हटलं. "एका दिवसाची होती तवापासून. आमच्या घरात. दोनशेतली तीन गेली फक्त, थेही लाइट नव्हती त्या दिवशी." माना वळल्या. म्हाताऱ्याने स्वतःच खिडकी ओढून घेतली आणि सरकून प्रीतमजवळ बसला. त्याच्या सुनेने पाळलेली मरतात, काय करावं? प्रीतमने विचार केला. म्हातारा थांबला. मागच्या बाकावरच्या दोघी पुढे वाकल्या. तो बोलायला लागला, हळू, मध्ये थांबत, हाताने हवेत गोल काढत. आणि दीक्षा टपालाच्या पिशव्यांना टेकून ऐकत राहिली. माटोडीच्या फाट्यावर उतरणारी बाई ओरडली तेव्हा फाटा मागे गेला होता. "ताई, झोप लागली का?" ड्रायव्हर खुशालराव आरशातून म्हणाले. चौदा वर्षांत तिची घंटी अशी चुकली नव्हती.

दर्यापूरला मावशीच्या खेड्याकडे जाणारी जीप स्टँडाबाहेर उभी होती, गच्च भरलेली. जीपवाल्याने खोकी बघितली आणि वर टपाकडे बोट केलं. दीक्षाला बसच्या दारातून दिसत होतं. प्रीतमने मान हलवली. जीपवाला हातवारे करायला लागला. मावशीने त्याला चार शब्द सुनावले. माणसं आतून ओरडली, चला नं भाऊ, उशीर होऊन राह्यला. प्रीतम भांडला नाही. खोकी छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, तो नुसता उभा राहिला. त्याला घाई नव्हती. ही जीप नाही तर पुढची, पुढची नाही तर त्यापुढची. पण खोकी टपावर जाणार नव्हती, हे त्या उभं राहण्यातून इतकं साफ दिसत होतं, की जीपवाल्याचे हातवारे हळूहळू लहान होत गेले. "ताई, घंटी द्या," खुशालराव म्हणाले. "दहा मिनिटं लेट हाओत आपन." "थांबा जरा," दीक्षा म्हणाली, "त्याईले बसू द्या." गाडीतले लोकही खिडकीतून तिकडेच बघत होते, फेटेवाला म्हातारा तर अर्धा बाहेर वाकला होता. अखेर जीपवाल्याने पुढच्या सीटवरच्या दोन पोरांना उतरवून मागे लटकवलं. प्रीतम चढला, खोकी मांडीवर घेतली, एक मावशीला दिलं, काच वर सरकवली, आणि ती पुरती बसली की नाही ते बोट लावून पाहिलं. जीप धूर सोडत निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत दीक्षा दारात उभी होती. मग तिने दार ओढून घेतलं आणि दोरी दोनदा खेचली.